बदलते हवामान आणि गावाचा कारभार

वसंताचे वर्णन करताना कोकिळा, आंब्याचा मोहोर आणि मंद वारा यांचा उल्लेख करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. चांद्याकडचा माणूस हे वर्णन ऐकून मनातल्या मनात हसत असेल. त्याच्याकडे फाल्गुनात पळस फुलतो, चैत्रात मोह गळू लागतो आणि मोहाच्या मागोमाग उन्हाची धास्ती येते. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी येथील पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला तर तिथे त्याचे कोणाला नवल वाटत नाही. हा मुलूख पूर्वीही तापतच असे, हे खरे. पण आता उन्हाबरोबर पावसाचीही घडी विसकटली आहे. महिनाभर उघडीप पडावी आणि मग चार दिवसांत नदीने गाव वेढावे, असे होऊ लागले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला आलेला पूर आणि जुलै २०२२ मधील अतिवृष्टी या दोन्ही जिल्ह्यांतील लोक विसरलेले नाहीत.

हवामान का बदलते, हे आता शाळेतील मुलालाही ठाऊक असते. जमिनीच्या पोटातून काढलेला कोळसा आणि तेल जाळले की कार्बन डायऑक्साईड वायू हवेत जातो आणि पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ न देता धरून ठेवतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. २०१५ साली पॅरिस येथे जगातील राष्ट्रांनी याविषयी करार केला. परंतु करार राष्ट्रांनी केला, आणि ऊन मात्र गावात पडते. तेव्हा प्रश्न असा निर्माण होतो की, या कामी ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महानगरपालिका अशा लहान सत्तांना काही करता येईल काय? की त्यांनी वरून येणाऱ्या आदेशाची वाट पाहत बसावे? आम्ही या प्रश्नाचे उत्तर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या अनुभवातून शोधणार आहोत.

हे दोन जिल्हे मुळात एकच. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा जिल्ह्याची विभागणी होऊन गडचिरोली वेगळा झाला. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा निघाला, म्हणून चंद्रपूरकडे खाणी, सिमेंटचे कारखाने आणि वीजकेंद्र आले. वैनगंगेच्या पूर्वेस वन राहिले. गडचिरोली जिल्ह्याच्या सुमारे तीन चतुर्थांश भूमीची नोंद आजही वन म्हणून आहे. हवामानबदलाचा रोग आणि त्याचा उतारा ही दोन्ही अशी शेजारी शेजारी नांदतात. म्हणूनच या प्रश्नाचा विचार करायला याहून योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आरंभीच एक कटू हिशेब मांडून टाकलेला बरा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळशावर एक युनिट वीज तयार होताना ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. म्हणजे हे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर तासाला सुमारे २,९०० टन वायू बाहेर पडणार. आता गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या गावाकडे १,८०० हेक्टर वन आहे, आणि त्यातील प्रत्येक हेक्टर वर्षाला ५ टन वायू शोषून घेतो, असे आपण उदार मनाने धरू. वर्षाची बेरीज ९,००० टन झाली. त्या गावाने बारा महिने डोळ्यांत तेल घालून वन राखले, आणि त्याची सारी कमाई धुराड्याने साडेतीन तासांच्या आत खर्चून टाकली! जो कोणी सांगत असेल की गावोगावी झाडे लावली म्हणजे हवामानाचा प्रश्न सुटेल, त्याने हे गणित एकदा करून पाहावे.

मग गावाने पुढाकार घ्यावा, याला अर्थ काय उरला? आमच्या मते अर्थ उरतो, आणि तो गणितापेक्षा मोठा आहे. हवामानाच्या प्रश्नाचे मूळ हे की, सर्वांच्या मालकीच्या वस्तूला मर्यादा घालणारा कोणी नाही. हवा सर्वांची आहे, म्हणून जो तो तीत धूर सोडतो. वन सर्वांचे आहे, म्हणून जो तो त्यात कुऱ्हाड घालतो. ही मर्यादा घालायची कोणी आणि ती लोकांनी पाळायची कशी, हा खरा पेच आहे. जगातील शहाणी माणसे या पेचाशी झगडत असताना, तो आपल्यापुरता सोडवून दाखवणारी काही गावे याच जिल्ह्यांत आहेत.

त्यांतील पहिले गाव मेंढा. गडचिरोलीहून सुमारे तीस किलोमीटरवर, धानोरा तालुक्यात हे गोंड लोकांचे लहानसे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाच्या ग्रामपंचायतीत ते मोडत असे, म्हणून त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध आदिवासींचे जे आंदोलन झाले, त्यातून या गावाला स्वतःची शक्ती कळली. देवाजी तोफा यांच्यासारखी गावातील माणसे आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे कै. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या विचारविनिमयातून गावाने आपल्या कारभाराची एक पद्धत बसवली. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे ‘आमच्या गावात आमचे राज्य’, ही त्यांची घोषणा पुढे सर्वत्र ऐकू येऊ लागली.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले पाच-दहा सभासद. ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व मतदार. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा, जिल्हा परिषदांचा १९६१ चा. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान मिळाले आणि १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी बोलण्याचा अधिकार दिला. मेंढ्याने हा भेद कायद्याच्याही आधी ओळखला होता. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल, तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. त्यापूर्वी अभ्यासगट बसतो. त्यात कायदा, वन, हिशेब यांची चर्चा होते आणि बाहेरच्या जाणत्यालाही बोलावले जाते. कोणी म्हणेल की, अशाने कामाला उशीर होतो. होतो खरा. पण बहुमताने लादलेला नियम अल्पमत रात्री अंधारात मोडते, आणि वनाला राखण तर रात्रीच लागते. सर्वांनी मिळून केलेला नियम मोडताना माणसाला आपलाच शब्द मोडावा लागतो.

पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. तो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला आणि २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क देशात अगदी प्रथम मिळालेल्या गावांपैकी हे एक. त्याच २००९ साली एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषींना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामाईक मालकीची वने, पाणी, कुरणे यांची नासाडी अटळ नसते, वापरणारे लोक स्वतः नियम करून ती पिढ्यान्‌पिढ्या राखू शकतात, हे त्यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखवले होते. मेंढ्याच्या लोकांनी त्यांचा ग्रंथ वाचला असेल असे नव्हे. पण त्या ग्रंथात सांगितले तेच ते करत होते.

हक्काचा कागद मिळाला तरी बांबू विकण्याची वाट मोकळी झाली नाही. बांबू हे शास्त्राने गवत. पण १९२७ च्या वन कायद्यात त्याची गणना झाडांत होती, आणि नव्या कायद्यात तो गौण वनोपज होता. या दोन व्याख्यांच्या कात्रीत गावाचा बांबू अडकला. वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, यावर दोन वर्षे गेली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतरच्या पहिल्या हंगामातच बांबूची विक्री एक कोटी रुपयांच्या घरात गेली. गावाने ती रक्कम घराघरात वाटून टाकली नाही. मजुरी देऊन उरलेला पैसा ग्रामसभेच्या खात्यावर राहिला आणि त्यातून वनाची व गावाची कामे निघाली. २०१३ साली तर गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यानुसार आपली शेतजमीनही ग्रामसभेला अर्पण करण्याचे ठरवले. विनोबांची ग्रामदानाची हाक ज्यांनी ऐकली होती, त्या पिढीतील बहुतेकांना ती विझून गेली असेच वाटत होते.

मेंढ्याला बांबूतून पैसा मिळाला. दुसऱ्या एका गावाने मिळणाऱ्या पैशावर पाणी सोडले, आणि आमच्या मते हवामानाच्या दृष्टीने ती गोष्ट अधिक बोधप्रद आहे. हे गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव. २०१२ साली त्याला सुमारे हजार हेक्टर वनावर हक्क मिळाला. या मुलखात मे महिन्यातील तेंदूपानाचा हंगाम म्हणजे गरिबाच्या घरातील रोकड. शेतीची कामे नसतात, घरात लग्नकार्य असते, बियाण्याची सोय करायची असते. ती सारी या पंधरा-वीस दिवसांच्या मजुरीवर होते. परंतु कोवळी पाने चांगली फुटावीत म्हणून तेंदूच्या झाडांची छाटणी होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वनात आगी लावल्या जातात. आगीत गवत जाते, रोपे जातात, मातीवरचे पालापाचोळ्याचे पांघरूण जाते. मग पहिला पाऊस मुरत नाही, माती घेऊन वाहून जातो. पाचगावच्या ग्रामसभेने हा विचार केला आणि तेंदूपान तोडणे बंद केले. तेंदूची फळे माणसांना आणि जनावरांना खायला राहतील, वन जळणार नाही, आणि रोजगार बांबूतून काढू, असा तो निर्णय होता. वनातला काही भाग तर त्यांनी कसलीही तोड न करता तसाच राखून ठेवला.

हा निर्णय मुंबईतून आदेश काढून घेता आला असता काय? आम्हांला तसे वाटत नाही. तेंदूबंदीचा आदेश निघाला असता, तर दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला असता, आणि तो न्याय्य ठरला असता. कारण ज्याची मजुरी बुडते त्याला कोणी विचारलेले नसते. पाचगावात ज्यांची मजुरी बुडणार होती, त्यांनीच तो निर्णय केला. मर्यादा घालणारा आणि मर्यादा सोसणारा एकच असला, म्हणजे त्यागाला जुलमाचे रूप येत नाही. आमच्या मते स्थानिक कारभाराचे खरे सामर्थ्य ते हेच.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही याच मुलखात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून, विशेषतः कोहळी समाजाच्या कौशल्यातून ते बांधले गेले. चढावर वन, वनाखाली तलाव, तलावाखाली धानाची बांधी अशी ती रचना. पावसाने महिनाभर दडी मारली, तर धान जगवणारे हेच पाणी. आज तज्ज्ञ ज्याला हवामानबदलाशी जुळवून घेणे म्हणतात, ते या लोकांनी पाळ घालून, पाट काढून कधीच साधले होते. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी रद्द झाली. ते योग्यच झाले. पण १९५१ मध्ये मालगुजारांबरोबर तलावही सरकारकडे गेले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव पडले. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. पूर्वी पाळ फुटली तर गाव कुदळ-फावडे घेऊन धावे. आता गाव अर्ज करते. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आले, परंतु दुरुस्तीचा पैसा त्यांच्यामागोमाग आला नाही. कित्येक तलाव गाळाने भरले, कित्येकांच्या पोटात शेती झाली. मालगुजार जाऊन गाव मालक व्हायला हवे होते. प्रत्यक्षात मालक झाले ते दप्तर. पाण्याचा हक्क एकाकडे, दुरुस्तीचा पैसा दुसऱ्याकडे आणि गरज तिसऱ्याला, अशी वाटणी झाली म्हणजे भक्कम पाळसुद्धा टिकत नाही.

मेंढा, पाचगाव आणि मामा तलाव ही तीन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे पुढाकाराच्या अटी आपोआप दिसू लागतात. पहिली अट हक्काची. ज्या वनावर आपला कायदेशीर अधिकार आहे, तेच लोक राखतात. दुसऱ्याच्या वनाची राखण ही नोकरी होते. दुसरी अट तिजोरीची. ग्रामसभेच्या नावाने खाते आणि खर्चाचा निर्णय गावात, असे झाल्याखेरीज हक्काचा कागद भिंतीवर टांगण्यापुरता राहतो. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचे ठरवले, ते याच दिशेचे पाऊल होते. तिसरी अट अभ्यासाची. वनात काय आहे, पाणी किती मुरते, किती बांबू तोडला तर पुढच्या वर्षी तितकेच वास्ते फुटतील, याची मोजदाद गावाला स्वतः करता आली पाहिजे. केरळात वायनाड जिल्ह्यातील मीनंगाडी ग्रामपंचायतीने २०१६ मध्ये कार्बनच्या जमाखर्चाचा मेळ घालण्याचा संकल्प सोडला, तेव्हा तिने प्रथम आपल्या हद्दीत किती वायू निघतो याची मोजणी केली. झाड राखणाऱ्या शेतकऱ्याला झाडाच्या तारणावर कर्ज देण्याची योजना त्यातूनच निघाली. हिशेब नसलेला संकल्प आणि तारीख नसलेली हुंडी यांची किंमत सारखीच.

या अटी सर्वत्र पुऱ्या झाल्या आहेत, असा कोणी समज करून घेऊ नये. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. देशात इतके मोठे काम फारच थोड्या जिल्ह्यांत झाले असेल. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी तर एकत्र येऊन आपली महाग्रामसभा स्थापन केली, म्हणजे एकट्या गावाला व्यापाऱ्याशी भाव ठरवताना जी अडचण येते ती दूर व्हावी. परंतु कित्येक गावांत हक्क मिळूनही वनाची योजना झालेली नाही. कित्येक ठिकाणी ग्रामसभा म्हणजे २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला हजेरीच्या वहीवर घेतलेल्या सह्या. बायकांची सभा आधी भरवण्याचा नियम आहे, तोही पुष्कळदा कागदावर राहतो. वास्तविक सरपण, मोह, पाणी यांसाठी वनात रोज जाणारी बाईच. वन कुठे विरळ झाले हे तिला जितके कळते तितके चावडीवर बसणाऱ्याला कळत नाही. मेंढ्याच्या आरंभीच्या निर्णयांत दारूबंदी होती आणि तिच्यामागे बायकांचा आग्रह होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शहराची गोष्ट निराळी, पण तत्त्व तेच. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरची गणना केली. २०११ साली तिथे महानगरपालिका झाली. वीजकेंद्र बंद करणे तिच्या हाती नाही. मात्र उन्हात राबणाऱ्या माणसाला सावली आणि पाणी देणे तिच्या हाती आहे. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातील उन्हाळ्याने नेहमीपेक्षा हजारावर अधिक माणसे दगावली. त्या शहराच्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्म्याशी मुकाबल्याचा आराखडा केला. आगाऊ सूचना, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, कामाच्या वेळा बदलणे, अशी त्याची साधी कलमे होती. विदर्भात नागपूर आणि इतर शहरे त्याच वाटेने गेली. चंद्रपुरातील गोंडकालीन रामाळा तलाव स्वच्छ राखणे, वस्तीत झाडांची सावली वाढवणे, पत्र्याच्या घरांवर चुन्याचा पांढरा हात देणे, ही कामे करायला पॅरिसच्या कराराची परवानगी लागत नाही.

शेवटी धुराड्याच्या प्रश्नाकडे परत येणे भाग आहे. गावाने कितीही वन राखले, तरी कोळसा जळतच राहिला, तर उन्हाळा कमी होणार नाही, हे आम्ही आरंभीच सांगितले. या बाबतीत गावाच्या हाती एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आपले मत. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ओडिशातील नियमगिरी पर्वतावरील बारा ग्रामसभांना खाणीविषयी विचारले गेले, आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. खाण झाली नाही. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर लोखंडाचे खनिज निघू लागले आहे आणि त्याबाबत ग्रामसभांच्या हरकती आहेत. तेथे रोजगार हवा असणारे लोक आहेत, डोंगराला देव मानणारेही लोक आहेत. या वादाचा निर्णय आम्ही व्यासपीठावरून देऊ इच्छित नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जे गाव वन राखण्यापुरते शहाणे मानले जाते, ते वन देण्या-न देण्याच्या प्रश्नातही शहाणे मानले गेले पाहिजे. राखणीच्या वेळी ‘तुम्हीच सरकार’ म्हणायचे आणि खाणीच्या वेळी सरकार दुसरेच निघायचे, असे झाले तर गावाने पुढाकार कशाच्या बळावर घ्यावा?

आपण शहरात पंख्याखाली बसून हा विचार करत आहोत. पंखा फिरवणारी वीज बहुधा त्याच मुलखातून आलेली असते. तेव्हा मेंढा-पाचगावचे कौतुक करून सभा संपवणे सोपे आहे. कठीण आहे ते आपल्या वॉर्डाची, आपल्या सोसायटीची, आपल्या ग्रामपंचायतीची पुढची बैठक केव्हा आहे हे विचारणे आणि त्या बैठकीला जाणे. पाचगावच्या माणसाने आपली मे महिन्याची मजुरी सोडली. आपण काय सोडायला तयार आहोत, हे त्या बैठकीत ठरवावे लागेल.